यवनवीरांच्या कथा व कृष्णाकांठची साक्ष

(१) प्राचीन ग्रीक लोकांस आपल्या ग्रंथांत व शिलालेखांत ‘यवन’ म्हटलें आहे. त्यांच्या पुराणकथा, होमराच्या नांवावर चालणाऱ्या इलियड व ओडिसी या दोन महाकाव्यांतील वीर, आणि त्या कथांच्या मुळाशीं असलेला इतिहास हा विषय सातारा-सांगलीकडील संशोधकांस दूरदेशींचा वाटण्याचा संभव आहे. वास्तविक तो तितका दूरचा नाहीं. कोल्हापुरास पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीच्या टेकाडांत यवनांचा समुद्रदेव पोसायडॉन याची कांशाची मूर्ति सांपडली; आणि इकडे वाईजवळ पांडवगड उभा असून वाई हीच विराटनगरी असें तेथील लोक परंपरेनें सांगत आले आहेत. एका ठिकाणीं परक्यांचा देव प्रत्यक्ष आला आहे, दुसऱ्या ठिकाणीं आपल्याच वीरांची कथा आली आहे. या दोन गोष्टी शेजारीं ठेवून पाहिल्या म्हणजे पुराणकथेंतून इतिहास कसा काढावा व कसा काढूं नये, याचा कांहीं उलगडा होतो. प्रस्तुत लेखाचा हेतु एवढाच आहे.

(२) प्रथम ब्रह्मपुरीची मूर्ति घेऊं. १९४४ च्या सुमारास प्रा. कुंदणगार यांच्या देखरेखीखालीं तेथें खणतांना कांशाच्या जिनसांचा एक सांठा हातीं आला. त्यांत ही मूर्ति, एक आरसा व भांडीं होतीं. पुढें १९४५-४६ सालीं डॉ. सांकलिया व डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनीं त्या जागेचें पद्धतशीर उत्खनन केलें व त्याचा वृत्तांत १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. मूर्ति वीतभरहि उंच नाहीं. परंतु तिची घडण पाहतां ती रोमन साम्राज्यांतून, इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत, समुद्रमार्गें आली याविषयीं तज्ज्ञांचें एकमत आहे. तेव्हां आपल्याकडे सातवाहनांचा अंमल होता.

पोसायडॉन हा समुद्राचा देव, तसाच धरणीकंप करणाराहि. ट्रॉय नगरीचा तट त्यानें राजा लाओमेडॉन याच्यासाठीं बांधिला, राजानें ठरलेली मजुरी बुडविली, आणि त्या रागानें पुढें ट्रोजन युद्धांत हा देव ग्रीकांच्या बाजूस राहिला, अशी कथा आहे. आतां प्रश्न असा कीं, ही कथा त्या मूर्तीबरोबर पंचगंगेच्या कांठीं आली होती काय? आली होती असें दाखविणारा एकहि लेख, एकहि शिल्पपट्ट आजवर या भागांत मिळालेला नाहीं. ज्याच्या घरीं ही मूर्ति होती त्यास ती कोणत्या देवाची हें ठाऊक होतें कीं, परदेशची एक सुबक जिन्नस म्हणून त्यानें ती आरशाशेजारीं ठेविली होती, हें मूर्ति सांगत नाहीं. ती फक्त व्यापाराची साक्ष देते.

त्या व्यापाराची दुसरी साक्ष मात्र लेखी आहे. कार्ले, जुन्नर व नाशिक येथील लेण्यांत यवन दात्यांचे लेख आहेत. त्यांनीं बौद्ध संघास खांब, टांकीं व लेणीं दिलीं. नाशिकच्या लेण्यांतील इंद्राग्निदत्त हा आपणांस उत्तरेकडील यवन म्हणवितो, परंतु त्याचें नांव संस्कृत व त्याच्या बापाचें नांव धर्मदेव. म्हणजे हे यवन येथल्या धर्मांत मिसळले होते. तसेंच आपलें कऱ्हाड त्या काळीं करहाकट या नांवानें दूरवर ज्ञात होतें. भारहुत येथें करहाकटच्या नगरसभेच्या दानाचा लेख आहे, आणि कोंकणांत कुडें येथील लेण्यांत करहाकटच्या महिक नांवाच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्यानें आपलें दान कोरून ठेविलें आहे. घाटावरचें लोखंड खाडीपर्यंत जात होतें. त्याच वाटांनीं परदेशचा माल वर येत असला पाहिजे. वस्तु आली, कथा आल्याचा पुरावा नाहीं.

(३) याच्या उलट स्थिति गांधार देशांत दिसते. तेथील बौद्ध शिल्पांपैकीं एक पट्ट लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहे. त्यांत चाकांवरचा लांकडी घोडा नगराच्या दाराकडे ढकलीत आणला आहे, एक पुरुष त्याच्या अंगांत भाला खुपसतो आहे, आणि दारांत एक स्त्री दोन्ही हात वर करून उभी आहे. ट्रॉय ज्या घोड्यानें घेतलें त्याचीच ही कथा, यांत संशय नाहीं. म्हणजे तिकडे यवनांची वस्ती व राज्यें झाल्यामुळें त्यांच्या वीरांची कथा कारागिराच्या हातांत उतरली. वस्तूस गलबत पुरतें. कथेस मात्र ती सांगणारा व ऐकणारा असा दोघांचा सहवास लागतो.

(४) आतां मूळ ट्रॉयविषयीं. तुर्कस्तानांत हिसारलिक नांवाचें टेकाड आहे. तेंच ट्रॉय असावें असा तर्क करून फ्रँक कॅल्व्हर्ट यानें तेथें आधीं कांहीं खणलें होतें. परंतु मोठें उत्खनन जर्मन व्यापारी हाइनरिख श्लीमन यानें १८७० पासून आरंभिलें. त्याची होमरावर श्रद्धा अशी कीं, काव्यांतील प्रत्येक अक्षर खरें. १८७३ सालीं त्यास सोन्याचे दागिने मिळाले व त्यानें ते ‘प्रायम राजाचा खजिना’ म्हणून जाहीर केले. पुढें असें ठरलें कीं, तो खजिना युद्धाच्या मानलेल्या काळाच्याहि हजारांहून अधिक वर्षें आधींचा आहे. श्लीमन प्रायमच्या थरांतून आरपार खालीं गेला होता व जें शोधीत होता त्याचाच कांहीं भाग त्यानें उपसून टाकला होता. १८७६ सालीं मायसिनी येथें मिळालेला सोन्याचा मुखवटा त्यानें अगामेम्नॉन राजाचा मानिला. तोहि त्या काळाच्या तीनएकशें वर्षें आधींचा निघाला.

म्हणून ट्रॉयची कथा अगदींच निराधार काय? तसेंहि नाहीं. श्लीमनच्या मागून डॉर्पफेल्ड यानें १८९३-९४ सालीं, व अमेरिकन संशोधक ब्लेगेन यानें १९३२ ते १९३८ या काळांत, थर काळजीपूर्वक वेगळे केले. सहावें नगर भक्कम तटाचें व संपन्न होतें. तें धरणीकंपानें पडलें असें ब्लेगेनचें मत झालें. त्यावरचें नगर इसवी सनापूर्वी सुमारें ११८० या वेळीं जळालें. आमच्या भागांतील लोकांस १९६७ च्या ११ डिसेंबरच्या पहाटेचा कोयनेचा धरणीकंप विसरतां येत नाहीं. मी तेव्हां लहान होतों. परंतु ज्या देशांत तट असे क्षणांत कोसळतात तेथें तट बांधणारा देव व धरणी हलविणारा देव एकच कां असावा, हें मला पुढें पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं.

याहून महत्त्वाची साक्ष मातीच्या विटांवरील लेखांची आहे. हित्ती नांवाच्या राजवटीच्या दप्तरांत पश्चिमेकडील ‘विलुसा’ या राज्याचा उल्लेख येतो; ट्रॉयचें दुसरें नांव इलियन, त्याचेंच हें जुनें रूप असें बहुतेक पंडित मानतात. विलुसेच्या अलक्सांदु नांवाच्या राजाशीं हित्ती राजानें केलेला तहनामा उपलब्ध आहे. आणि ट्रॉयच्या पॅरिस या राजपुत्राचें दुसरें नांव अलेक्झांड्रॉस होतें. ‘अह्हियावा’ नांवाच्या एका सत्तेशीं विलुसेवरून बिघाड झाला होता व तो मिटला, असा अर्थ दुसऱ्या एका पत्राचा लावितात. होमर ग्रीकांस ‘अखियन’ म्हणतो, हें लक्षांत घेतलें पाहिजे.

तसेंच १९५२ सालीं मायकेल व्हेंट्रिस यानें क्रीट व पायलॉस येथील विटांवरची लिपि उलगडली. त्या विटा म्हणजे निव्वळ हिशेबाचे कागद : मेंढ्या किती, तेल किती, कोणाकडे किती जमीन. त्यांत पोसायडॉनचें नांव आहे. म्हणजे ब्रह्मपुरीची मूर्ति घडली त्याच्या हजारांहून अधिक वर्षें आधीं हा देव नैवेद्य घेत होता. पण मौज पुढेंच आहे. त्याच विटांत अकिलीज व हेक्टर हीं नांवेंहि आहेत, आणि तीं वीरांचीं नसून सामान्य माणसांचीं आहेत. पायलॉसचा हेक्टर हा देवाचा सेवक असून त्याच्याकडे जमिनीचा एक तुकडा आहे. आपल्या भाषेंत बोलावयाचें तर तो देवस्थानचा इनामदार. नांवें खरीं, काळ खरा, नगर खरें, नगर जळालें हेंहि खरें. परंतु क्रोधानें रुसून बसलेला अकिलीज व त्याच्या रथामागें फरफटलेला हेक्टर कोणत्याहि विटेवर नाहींत.

(५) काव्यांत काळाचे थरहि एकत्र मिसळले आहेत. इलियडच्या दहाव्या सर्गांत रानडुकराच्या सुळ्यांचे तुकडे शिवून केलेल्या शिरस्त्राणाचें वर्णन आहे. असलीं शिरस्त्राणें होमराच्या, म्हणजे इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या सुमारास, कोणी वापरीत नसे. तीं कित्येक शतकें आधींच्या थडग्यांत सांपडतात. उलट, होमराचे वीर मृतांस अग्नि देतात; मायसिनीचे राजे मात्र पुरले गेले. म्हणजे एकाच काव्यांत आजोबांची पगडी व नातवाचा अंगरखा एकाच माणसाच्या अंगावर दिसतात. पिढ्यान् पिढ्या तोंडीं गाइलेल्या काव्याचें हें लक्षणच होय.

आपल्या वाचकांस हें बखर व पत्र यांच्या उदाहरणानें ताबडतोब पटेल. तानाजी मालुसरे १६७० सालीं कोंढाणा घेतांना पडला, हा इतिहास. त्याच्या मृत्यूनंतर गडास सिंहगड हें नांव पडलें, ही कथा. परंतु १६६३ सालच्या पत्रांत सिंहगड हें नांव आधींच आलेलें आहे. पत्रानें कथा खोडली. पण तानाजी खोडला नाहीं. शिवाय नांव आधींचें असूनहि लोकांनीं तें तानाजीस कां बहाल केलें, हा एक नवा व अधिक मोलाचा प्रश्न त्या पत्रानें उभा केला.

(६) आतां वाईकडे वळूं. तेराव्या वर्षीं पांडव ज्या विराटाच्या नगरीं अज्ञातवासांत राहिले ती नगरी वाई, पांडवगड हा त्यांचा गड, आणि जवळच्या लेण्या त्यांच्या राहण्याच्या, असें आपल्याकडे सांगतात. मीं स्वतः तीस वर्षें शाळेंत विराटपर्वांतील कथा सांगतांना मुलांस खिडकींतून तो गड दाखविला आहे. पुढें पुरावा पाहूं लागलों तेव्हां लाज वाटली. मत्स्य देशाची राजधानी म्हणून विद्वान् राजस्थानांतील बैराट धरितात, व तें महाभारतांतील भूगोलाशीं जुळतें. पांडवगडाच्या उतारावरील लेण्या कोरीव बौद्ध पद्धतीच्या आहेत. आणि वाई एकटीच हक्क सांगते असेंहि नाहीं : कर्नाटकांतील हनगल येथील मध्ययुगीन शिलालेखांत त्या गांवास विराटाचा कोट म्हटलें आहे.

एका वीराचीं अनेक गांवें व्हावीं, ही गोष्ट ग्रीकांतहि तशीच घडली. होमराच्या जन्मस्थानाविषयीं सात नगरें भांडत असत. अनेक ठिकाणीं लोकांनीं शेकडों वर्षांपूर्वीचीं बेवारशी थडगीं पाहून तीं जुन्या वीरांचीं ठरविलीं व तेथें नैवेद्य ठेवण्यास आरंभ केला. अथेन्सच्या किमॉन यानें इसवी सनापूर्वी सुमारें ४७५ या वर्षीं स्किरॉस बेटांतून थीसियसच्या म्हणून हाडें मोठ्या समारंभानें आणविलीं. तीं हाडें थीसियसचीं होतीं काय, हें विचारण्यांत अर्थ नाहीं. अथेन्सला त्या वेळीं थीसियस कां हवा होता, हें विचारण्यांत इतिहास आहे. त्याच न्यायानें, वाईस विराटनगरी केव्हांपासून म्हणूं लागले, कोणी म्हटलें, आणि हनगलच्या राजांस जी प्रतिष्ठा हवी होती तीच येथेंहि कोणास हवी होती काय, हे प्रश्न विचारले पाहिजेत. त्यांचें उत्तर पांडवगडावर नाहीं. तें वाईच्या जुन्या वाड्यांतील पोथ्यांत आहे, किंवा होतें.

(७) दुसरें उदाहरण नदीचें. सांगली जिल्ह्यांत वाळवें तालुक्यांत बोरगांवाजवळ बाहें म्हणून गांव आहे. तेथें कृष्णेच्या पात्रांत खडकाचें बेट असून त्यावर रामलिंगाचें देऊळ आहे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकीं एक तेथें आहे. श्रीराम तेथें असतां कृष्णेस पूर आला, तेव्हां मारुतीनें आपले बाहु पसरून पाणी अडविलें, म्हणून प्रवाह दुभंगला व गांवास बाहें नांव पडलें, अशी कथा आहे. इलियडच्या एकविसाव्या सर्गांत अकिलीजनें प्रेतांनीं पात्र तुंबविल्यामुळें स्कॅमँडर नदी खवळून त्याच्यावर धांवते, आणि शेवटीं अग्नीचा देव हिफेस्टस तिचें पाणी पेटवून तिला मागें हटवितो.

या दोन कथांचा एकमेकींशीं कांहींहि संबंध नाहीं, हें प्रथमच सांगतों. सारखेपणा दिसतांच देवाणघेवाण झाली असें मानण्याचा मोह आपण टाळला पाहिजे. सारखी आहे ती नदी. हिसारलिकच्या भोंवतालच्या मैदानांत भूशास्त्रज्ञांनीं खोल छिद्रें पाडून पाहिलीं, तेव्हां असें दिसलें कीं, एके काळीं समुद्राची खाडी नगराच्या जवळपर्यंत आंत आलेली होती व नद्यांनीं आणलेल्या गाळानें ती हळूहळू भरून गेली. बाहें येथेंहि खडकानें दुभंगलेला प्रवाह आजहि डोळ्यांनीं पाहतां येतो. कथेनें नदीचा स्वभाव अचूक टिपला आहे. त्याचें कारण मात्र आपल्या देवाच्या व वीराच्या पदरीं घातलें आहे. ‘बाहु’ ही व्युत्पत्ति वैय्याकरणास मान्य होणार नाहीं. परंतु पुराच्या पाण्यासमोर हात पसरून उभें राहणारा कोणी असावा ही इच्छा ज्या गांवाची आहे त्या गांवाची ती कथा प्रामाणिक साक्ष आहे.

(८) परक्यांच्या कथेंत आपलें रूप पाहण्याची खोड यवनांसहि होती. चंद्रगुप्ताच्या दरबारीं आलेला मेगॅस्थेनीस शूरसेनांच्या देशांत मथुरेस विशेष पूजिल्या जाणाऱ्या एका देवास आपल्या हेराक्लीजच्या नांवानें ओळखतो. तो कृष्ण असावा असें बहुतेक मानतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास डिओ क्रिसोस्टॉम लिहितो कीं, हिंदी लोक होमराचें काव्य आपल्या भाषेंत उतरवून गातात. होमराचें असें भाषांतर कोणास माहीत नाहीं. कोणा नावाड्यानें वा व्यापाऱ्यानें महाभारत ऐकून तसा समज करून घेतला असावा, हा विद्वानांचा तर्क सयुक्तिक दिसतो. आपल्याकडे याच्या उलट घडलें. पाणिनीच्या सूत्रांत व पतंजलीच्या उदाहरणांत जो यवन प्रत्यक्ष शेजारी किंवा शत्रु आहे तोच हरिवंशांत व विष्णुपुराणांत कालयवन होऊन मुचुकुंदाच्या दृष्टीनें जळून भस्म होतो. त्यांनीं आमच्या देवास आपला वीर केलें, आम्हीं त्यांच्या माणसास कथेंतला राक्षस केलें.

(९) यावरून संग्राहकांस एक विनंति करावयाची आहे, व ती करतांना माझी एक चूक सांगणें भाग आहे. कांहीं वर्षांपूर्वीं कृष्णाकांठच्या एका गांवीं एका उपाध्यायांच्या घरीं मला जुन्या कागदांचा दप्तरखाना दाखविण्यांत आला. मीं त्यांतून सनदा, महजर व हिशेबाचे कागद निवडून त्यांच्या नकला केल्या. एका रुमालांत नदीचें व तेथील देवस्थानाचें माहात्म्य सांगणारी पोथी होती. ती ‘पौराणिक’ म्हणून मीं बाजूस ठेविली. समाप्तीचें पानसुद्धां उघडून पाहिलें नाहीं. २०१९ च्या ऑगस्टांतील महापुरांत त्या घरांत पाणी शिरलें. सनदा आधींच माडीवर नेल्या होत्या, कारण मीं त्यांस मोलाच्या म्हटलें होतें. पोथी खालींच राहिली. तिचा लगदा झाला, व रीतीप्रमाणें ती नदींत सोडली.

माझ्या टिपणवहींत खूण म्हणून राहून गेलेलें तिचें एक सुटें पान आज माझ्याजवळ आहे. अक्षर सुवाच्य आहे, पानाचा अंक सतरा आहे, मजकूर तीर्थाच्या स्नानफलाचा आहे. लेखक कोण, शक कोणता, कोणासाठीं लिहिली, कोणत्या पर्वणीस वाचीत, हें सारें शेवटच्या पानावर असणार. तें पान नसल्यामुळें हा कागदहि ब्रह्मपुरीच्या मूर्तीसारखाच मुका झाला आहे.

महाभारताची चिकित्सित आवृत्ति पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ ते १९६६ या काळांत सिद्ध केली, तेव्हां बाराशेंहून अधिक हस्तलिखितें पाहिलीं. त्यांतील प्रक्षिप्त भाग फेंकून न देतां तळटीपांत व परिशिष्टांत जपून ठेविले. होमराच्या संहितेवर काम करणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या पंडितांनींहि संशयित ओळी पुसल्या नाहींत. समासांत खूण करून त्या राखिल्या. म्हणून पुढील वाचकांस त्यांचा विचार करतां आला. हीच रीत आपण स्थलमाहात्म्यांस लावावी. कोणतीहि पोथी ‘दंतकथा’ म्हणून बाजूस सारण्यापूर्वीं तिच्या समाप्तीचें पान उतरून घ्यावें. शक, स्थळ, लेखकाचें व मालकाचें नांव, लिपि व कागद यांची नोंद करावी. आणि ती कथा त्या गांवीं आज कोण सांगतो, तेंहि विचारावें. वाईस पांडव आले होते काय, याचें उत्तर देण्यास आपण बांधलेले नाहीं. पांडवांची कथा वाईस केव्हां व कोणाच्या तोंडून आली, याचें उत्तर शोधण्यास मात्र आहों. आणि त्याची साधनें अजून कित्येक घरांच्या तळमजल्यांवर पावसाळ्याची वाट पाहत पडलीं आहेत.